‘सैल व्हा’चा तुर्की शब्द

आई, आज क्लिनिकमध्ये मी एका तुर्की आजोबांना तपासताना ‘गेव्शेयिन’ म्हणाले, म्हणजे ‘सैल व्हा’, आणि माझं मलाच हसू फुटलं. तू जाऊनही आता किती वर्षं झाली, पण तुझी ती परीक्षा जशीच्या तशी आठवली. घर आणि हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची नोकरी सांभाळून तू हृदयाचे स्कॅन करायला शिकत होतीस. इल्फर्डच्या आपल्या किचनमध्ये पोळ्या लाटता लाटता मला ऐकवायचीस, “अगं, हृदय आवळतं त्याचंच सगळ्यांना कौतुक. पण सैल पडतं तेव्हा कुठे त्यात रक्त भरतं. डायस्टोल! समजलं का?” आणि स्वतः मात्र घडीभर बसायची नाहीस. फायनल असेसमेंटला तुर्की पेशंट येणार होती, आणि नापास झालीस तर पुन्हा रिसेप्शनवर. “घाबरून ताठ होतात गं, मग चित्रच मिळत नाही. ‘सैल व्हा’ला काय म्हणतात, तुझ्या वर्गातल्या त्या तुर्की मुलीला विचारून ये.” मी चिठ्ठीवर लिहून आणलं: गेव्शेमे.

त्या संध्याकाळी तू घरी येऊन सगळं साभिनय करून दाखवलंस. ती पेशंट, एक तुर्की आजी, बेडवर आडव्या, परीक्षक बाई शेजारी, आणि तू लाडाने म्हणतेयस, “गेव्शेमे, आजी, गेव्शेमे.” त्या आणखीच ताठ. तू जरा मोठ्याने म्हणतेस, तर त्यांनी श्वासच धरला! शेवटी बाहेर बसलेली त्यांची नात आत डोकावली आणि हसत सुटली, “आँटी, तुम्ही तिला ‘खबरदार सैल झालीस तर’ म्हणताय!” मग आजी अशा हसल्या की बेड हलला, आणि हसता हसता सैलही पडल्या. चित्र मिळालं, तू पास! “माझाच मेला उच्चार चुकला,” म्हणत तू डोळे पुसत होतीस. तुला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

उच्चार नव्हता चुकला, आई. त्या मुलीला मी विचारलंच नव्हतं. ती वर्गातली भारी पोरगी, तिच्याशी बोलायची माझी छाती नव्हती. लायब्ररीतल्या इंग्रजी-तुर्की मेडिकल डिक्शनरीत डायस्टोलपुढे जो शब्द होता तो उतरवला: गेव्शेमे, हृदयाचं सैल पडणं. पुस्तकात अगदी बरोबर, माणसाला म्हटलं की नेमका उलटा, ‘सैल होऊ नकोस’. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. तू पास झालीस म्हणून मी गप्प बसले, असं स्वतःला सांगत आले. नापास झाली असतीस, तरी गप्पच बसले असते.