सुनेच्या हातची सुई

आत-बाशी, १४ ऑक्टोबर

चिरंजीव तिलेक,

अनेक दुवा. इथे सगळं ठीक आहे. मेंढ्या कुरणावरून उतरल्या, गवत भरून झालं, तांबडी घोडी गाभण आहे. तू तिकडे दूर कामावर, फोनवर सदा घाईत, म्हणून हे पत्र.

डावा पाय सुजला होता, ते तुला माहीत आहेच. मला वाटलं, घोड्यावरून उतरताना मुरगळला. तुझी सोनून आत्या म्हणाली, मेंढीची चरबी चोळ. तुझी बायको मात्र हटून बसली. "बाबा, एकच पाय सुजलाय आणि गरम लागतोय. गाडीत बसा." सहा वर्षं मी जिच्याशी धड बोललो नाही, ती बुरुल मला दरडावत होती! आणि मी मुकाट बसलो. नारिन शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायात रक्ताची गुठळी आहे. फुप्फुसात गेली असती तर म्हातारा संपला असता.

तेव्हापासून रोज सकाळी बुरुल माझ्या पोटात रक्त पातळ करायची सुई टोचते. सुनेसमोर सासऱ्याने सदरा वर करायचा! आत्या तिच्यावर ओरडली, "लाज कशी वाटत नाही तुला?" बुरुल म्हणाली, "मग तुम्ही टोचा." आत्या सुई बघूनच दाराबाहेर. मी इतका हसलो की बुरुलने मलाही दटावलं, "पोट हलवू नका."

आता खरं लिहितो. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "पायाची सूज उतरली, मग सुई कशाला?" ती समोर बसली. "बाबा, गुठळी उगाच झाली नाही. तपासण्यांत निघालं, तुमच्या स्वादुपिंडात कॅन्सर आहे, त्यामुळे रक्त गोठतंय. तिलेक म्हणाला होता, सांगू नकोस. पण तुमच्याशी खोटं बोलून मी रोज सुई टोचणार नाही."

आपल्यात असं कोणी सांगत नाही. तुझ्या आईला तिचा आजार मीही सांगितला नव्हता. शेवटपर्यंत ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ते मला अजून सोसत नाही.

बुरुलला एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या लग्नात मी रागाने जेवलो नव्हतो. आज गावभर सांगत फिरतो, ही माझी सून. अशी छाती तर तूही कधी फुगवली नाहीस माझी.

आणि फोनवर "पाय काय म्हणतोय?" म्हणून खोटं हसू नकोस. रडायचं असेल तर घरी ये, माझ्यासमोर रड. अजून मला तुझ्याशी बोलता येतंय.

बुरुलचा सासरा, आणि तुझाही बाप,
कासिमआली