आठवी ओळ

बाबा,

डिलाईल रोडच्या शिवणकारखान्यात तुम्ही कटिंग मास्टर होतात, आणि शाळा सुटली की मी तुमच्या लांब टेबलाशी येऊन उभी राहायची. एकदा तुम्ही मला शर्टाचे कागदी साचे कापडावर मांडायला दिलेत. पाठ, पुढा, बाह्या, कॉलर, सगळं फिरवून फिरवून मी असं बसवलं की वीतभर कापड वाचलं. मी फुशारून तुमच्याकडे बघतेय. तुम्ही बाहीचा कागद उचलता आणि खाली विणीतला डाग. मला तो दिसला होता, म्हणूनच मी वर कागद ठेवला होता. "आधी डाग आख गो, मग कागद ठेव. झाकलंस म्हणून जातलो काय तो?" एवढंच बोललात, पण सगळ्या कारागिरांसमोर. तो राग मला बरेच दिवस पुरला.

आता मी दादरच्या एका कॉलेजात एक्सेलवर हेच शिकवते. कमीत कमी कापडात जास्तीत जास्त शर्ट, कमी माणसांत जास्त काम. जे बदलता येतं ते पिवळ्या चौकटींत, जे साधायचंय ते हिरव्या, आणि प्रत्येक अट वेगळ्या ओळीत, वाचणाऱ्याला कळेल अशा शब्दांत. फॉर्म्युल्याच्या पोटात अट दडवली की मी सरळ मार्क कापते. मुलं मला खडूस म्हणतात, म्हणोत.

गेल्या आठवड्यात वर्गासाठी नवं उदाहरण हवं होतं, म्हणून मी आपलंच घर मांडलं, अर्थात कुणाचं ते न सांगता. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ बसायला तिघं: मुलगी, मुलगा, शेजारीण. मुलीला पुण्याच्या कॉलेजातून बोलावणं आलंय, आठवड्यातले तीन दिवस, आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तास कसे वाटायचे? मी सगळ्यांसमोर सॉल्व्हर चालवला, म्हणजे सगळ्या अटी पाळून उत्तर शोधणारं एक्सेलमधलं यंत्र. या अटींत बसणारं उत्तर नाही, असं त्याने सांगितलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आईची खाट, मोरी, दार, एवढ्यात माझी किती वर्षं गेली. जीव घुसमटतो, बाबा. पण इलाज नाही हे निदान यंत्राने तरी कबूल केलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सातनंतर डायरेक्ट नऊ आहे. आठवी रो हाइड केलीय का?"

मी काही बोलायच्या आत तिने आपल्या मशीनवर ती ओळ उघडली आणि मोठ्याने वाचली. मुलाचे तास: शून्य.

"का पण? मुलगा फॉरेनला असतो का?"

"नाही. लालबागला. चालत पंधरा मिनिटं."

वर्ग हसला. तिने ती अट काढली, पुन्हा सॉल्व्हर चालवला, आणि क्षणात उत्तर आलं. मुलाकडे तीन दिवस, मुलगी पुण्याला.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा माझ्या भावाबद्दल म्हणाला होतात, "त्याची दहावी हा, त्येका ह्यात ओढू नको." मी नाही ओढलं. तुम्ही गेलात, तो पास झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. आता त्याचा मुलगा दहावीला आहे. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बाबांचा शब्द आहे. तुमचा शब्द मार्चपर्यंतचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण "हिच्याशिवाय आईचं पान हलत नाही" असं चाळीत कुणी म्हटलं की मला ते आवडतं. ते सोडून पुण्याला मी कोण, ते मला माहीत नाही.

आज रविवार, उद्या पुण्याला कळवायचंय. नेहमीसारखा दुपारी त्याचा फोन आला. "ताय, काय लागला तर सांग हां."

मी म्हटलं, "काही नको रे."