उकंडरावांच्या गिरणीचे टॅपेट

१४ फेब्रुवारी १९६४, शुक्रवार
आजपासून नवं आयुष्य. उकंडरावांच्या पिठाच्या गिरणीचा मिस्त्री खानदेशात निघून गेला. काल अमावस्या, गिरणी बंद. स्वतः जाऊन सांगितलं, इंजिन मी सांभाळतो, अमरावतीला दीड वर्षं इंजिनिअरिंग शिकलोय. (उरलेलं दीड वर्ष शिकायची गरज सरांना होती, मला नाही. भांडण त्यावरूनच.) उकंडराव म्हणाले, पुढच्या अमावस्येलोक, म्हणजे महिनाभर, गिरणी एकही दिवस न थांबता चालवून दाखव, मंग बोलू.
मंग बोलू! कशाबद्दल ते मला कळतं. त्यांची मुलगी कोकिळा वजनकाट्यापाशीच बसली होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणजे ऐकलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
इंजिन तपासलं. डोक्यावर दोन व्हॉल्व. एक हवा घेतो, एक धूर सोडतो. त्यांना ठोकणारे दोन टॅपेट. मध्ये बारीक फट, म्हणून टकटक. जुना मिस्त्री म्हणे ही फट अमावस्येच्या अमावस्येला तपासायचा. महिन्यातून एकदा! माणूस दाढी तरी महिन्याने करतो का? नियम: दर आठवड्याला.
फट मोजायच्या पत्त्या अमरावतीलाच राहिल्या. हरकत नाही. नख आहे, कान आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
कोकिळा आज दळणाला आलेल्या तानुबाईला म्हणाली, या टकटकीनं डोकं उठते माय. तानुबाईला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा आवाजात.
संकल्प: ही गिरणी मुकी करीन. संध्याकाळी दोन्ही टॅपेट आवळले. फट जवळजवळ नाहीच. हात काळे, मन गुलाबी.

१८ फेब्रुवारी, सकाळी ७
टकटक सुरू! पाहतो तर फट होती तेवढी उघडलेली. रात्रीतून आपोआप! असं इंजिन अमरावतीलाही पाहिलं नाही. पुन्हा आवळले. नवा नियम: दर तीन दिवसांनी.

२१ फेब्रुवारी
पुन्हा उघडलेली. थिअरी: रात्रीच्या थंडीनं लोखंड आकसतं. उकंडरावांना समजावलं. ते बिडी ओढत म्हणाले, असन बा. पूर्ण पटलं.

२४ फेब्रुवारी
आता रोज आवळतो. रोज सकाळी उघडते. हे इंजिन आणि माझं हृदय एकाच कारखान्यातलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
कोकिळेला पत्र लिहिलं. त्यासाठी मलकापूरहून खास कार्ड आणलं, पोस्टकार्डाहून जाड. प्रेम टिकाऊ आहे हे हाताला कळलं पाहिजे. सतरा ओळी. तिच्या काट्याजवळ दोन किलोच्या वजनाखाली ठेवलं. संध्याकाळी तिथे नव्हतं!!

२९ फेब्रुवारी
उत्तर नाही. पण तिच्या नखांत काळं दिसलं. काजळ घालू लागली. कुणासाठी, हे लिहायला नको.

३ मार्च, मंगळवार
तानुबाई चार बायांसमोर म्हणाली, काय बे इंजिनेर, तुह्या मायनं तुले पाळण्यात इतक्या डाव नसन पाह्यलं जितक्या डाव तू त्या इंजिनात डोकं घालून राह्यला. डोकं फिरलं. पाना फेकला. माझ्याच पायावर पडला. संकल्प: तानुबाईशी आजन्म अबोला. रागावर ताबा.

४ मार्च
तानुबाईने हळद पाठवली. पायाला लावली. अबोला कायम.

७ मार्च, शनिवार
कोकिळा मामाकडे संग्रामपूरला चालली. सहा दिवस! जाताना खास माझ्यापाशी थांबून म्हणाली, मी येईलोक टॅपेटले हात नका लावू. किती काळजी! मी थकतो हे फक्त तिलाच दिसतं. असल्या काळजीला एकच उत्तर, दुप्पट मेहनत. ती गेल्याबरोबर आवळले.

८ मार्च
विजय! फट उघडली नाही. टॅपेट अखेर शरण आले. तरी दोन वेळा आवळले, सकाळी आणि संध्याकाळी.

१० मार्च
गिरणी मुकी. टकटक शून्य. ती येईल, कान टवकारेल आणि मग माझ्याकडे बघेल.
ज्वारी जरा भरड निघतेय. इंजिन दम खातंय, धूर काळा. यंदा ज्वारीच वाईट.

१२ मार्च, गुरुवार
सकाळी ६ ते ९ हँडल मारलं. सुरू होत नाही. ज्वारीचा दोष नसावा. दारात एकवीस डबे. तानुबाई म्हणाली, आता मस्त मुकी झाली रे तुही गिरणी. अबोल्यामुळे उत्तर देता आलं नाही.
उकंडरावांनी बिडी विझवून पंचांग पाहिलं. अमावस्येला दोन दिवस राहिले होते फक्त. दोन!

१३ मार्च, शुक्रवार
कोकिळा दुपारच्या गाडीने आली. हातपाय न धुता इंजिनाचं डोकं उघडलं. तिने! धुराचा व्हॉल्व जळून एका कडेला खाल्लेला. म्हणाली, फटच नाही तं व्हॉल्व मिटन कसा? मिटला नाही तं जळन नाही तं काय होईन? टॅपेट बोलत असलं म्हणजे इंजिन सुखी. डोकं उठते तं उठते. मी काऊन रोज सांजच्याले ढिले करून राह्यली होती मंग?
रोज. सांजच्याले. ती.
थंडीची थिअरी मागे घेत आहे.

१४ मार्च, शनिवार, अमावस्या
मलकापूरहून आलेला नवा व्हॉल्व तिनेच बसवला. मग फट मोजायला हत्यारांच्या डब्यातून एक पट्टी काढून टॅपेटखाली सरकवली. जरा अडकत जाईल अशी. पट्टी ओळखीची. माझं कार्ड! कडेची कोरी बाजू कापलेली. धीर करून विचारलं, वाचलं का. म्हणाली, वाचलं. जाडी बरोबर होती.
सतरा ओळी परत दिल्या. शाई टॅपेटले लागते, म्हणाली.
संध्याकाळी उकंडराव बोलले. अगदी ठरल्याप्रमाणे. म्हणाले, मिस्त्री तं आता आमची कोकिळाच. पण हँडल मारायले दोन दंडं पाह्यजेत. येशीन का?

१५ मार्च, रविवार
हँडल मारलं. सकाळी साडेसहाला, तिसऱ्या झटक्यात सुरू. टकटक, टकटक. तानुबाई पहिली. तिच्याशी बोललो.
टॅपेट पुढच्या अमावस्येला, १२ एप्रिलला. तोवर हात लावायचा नाही. तिने खडूने भिंतीवर तारीख लिहिली आहे आणि माझ्याकडे बघून खाली रेघ मारली आहे.
संध्याकाळी निघताना कोकिळेने हाक मारली. आपणहून! पहिल्यांदाच! म्हणाली, धुराच्या व्हॉल्वले जरा जास्त फट लागते, याच्याहून जाड कार्ड भेटलं तं आना.
उद्याच मलकापूर. रात्रभर बसून मजकूर लिहीन, पंचवीस ओळी तरी...
दाराबाहेर पोचलो होतो, तेव्हा मागून म्हणाली, कोरं आना.