काशी विमान धरायला धावला

९ जानेवारी १९८४
बोंबील वाळत घालत होते. मागं वळले तर काशी उभा. नेव्हीतून सुटी नसताना आला. कोपराला पट्टी. "पडलो, आये." बास, एवढंच.

१० जाने.
सुरमई तळली, आता तरी बोलेल म्हणून. खाल्ली. बोलला नाय. ह्यांना आनंद. गुडघा गेल्यापासून होडीला घरचा माणूस नाय. "आला ना? मग कशाला खोदतेस?"

१२ जाने.
आज तोंड उघडलं. जहाजावर नवीन विमानं आलीत, वरून सरळ खाली उतरणारी. काशी त्यांच्या चाकांना ठोकळे लावतो. पण सायबांचा जीव केवढासा. आधी जमिनीवर शिकले, मग शांत पाण्यात, तेपण दिवसाच. वारा जरा फिरला की आज नाय.
मी म्हटलं, अशानं आमच्या होड्या कधी पाण्यातच जाणार नाय. हसला. मग सांगितलं.
विमान टेकलं, जहाज कललं. ह्याला वाटलं घसरतंय. खूण यायच्या आधीच खांदा लावायला धावला. विमानाच्या गरम वाऱ्यानं लांब फेकला. त्या दिवशीचं उडणं बंद. सायब ओरडला, "पकड़ने क्या गया था, नाव है क्या?"
नावच की. होडी किनाऱ्याला लागली की पाण्यात धावायचं, होडीचं पुढचं टोक, नाळ, धरायची, नायतर लाट होडी आडवी करते. आमच्यात कोण थांबतो?
कोपर बरं होईस्तोवर घरी धाडलाय. आता २० तारखेला सायब ठरवणार, वर विमानांपाशी ठेवायचा की खाली कोठारात. "कोठारात नाय राहणार मी, आये. वरच जायचंय."

१३ जाने.
हे देवाला सांगत होते, खाली टाकू दे, म्हणजे सोडून येईल. मी म्हटलं, गुडघा तुमचा, तोंड पोराचं पडणार. भांडण. जेवण तसंच.
पण घरी राहिला तर वाईट काय, असं माझ्यापण मनात...

१६ जाने.
लाज आणली. आमची होडी लागली, सगळे धावले. हा वाळूवर उभा, हात पाठीमागं. हे काठावरून ओरडले, "मेल्या, धर ना!"
"बाबा, आधी हात वर करा. मग येतो."
होडी आडवी झाली, पाणी शिरलं. शेजारची यशोदा खी खी करत, "तुजा तर सायब झाला गं."
घरी चार शब्द सुनावले. खाली मान घालून म्हणतो, "पाय आपोआप निघतात, आये. सवय मोडतोय."
ताट पुढं सरकवलं.

१८ जाने.
आज मीपण त्याच्याजवळ उभी राहिले. बघू म्हटलं, थांबणं काय कठीण हाय. होडी आली आणि माझेच पाय निघाले. त्यानं मनगट धरलं. "थांब आये."
थांबले. मुंग्या आल्यासारखं झालं अंगात.

१९ जाने.
गेला. हे बाहेर आले नाय. पिशवीत सुके बोंबील मात्र ह्यांनीच भरलेले.

२१ जाने.
काल सायबापुढं उभा राहिला असणार. फोन नाक्यावरच्या दुकानात येणार. सकाळपासून दोनदा जाऊन आले. दुकानवाला म्हणतो, "मावशी, आला की निरोप देतो, घरी बसा."
ह्यांनी विचारलं, "तुला काय व्हायला पायजे?"
म्हटलं, जाळं आवरा.
चपला काढल्या नाय अजून.