चौऱ्याहत्तर सालची हजेरी

वरसे, रोहा
९ नोव्हेंबर १९८७

कान्हूदादा यांस महिपती मास्तराचा नमस्कार.

आम्ही सारे बरे आहोत. भात घरात आलं, आता वालाची पेरणी चालू आहे. तुमचे हात अजून गणपतीच्या मातीतच असतील. बारा वर्षांनी मास्तराला पत्र कसं सुचलं, म्हणून हसाल. हसा.

बातमी अशी, की एन.सी.सी.च्या बटालियनने मला दीर्घ सेवेचं पदक द्यायचं ठरवलं. शाळेच्या मुलांची परेड सलग पंधरा वर्षं घेतली म्हणून. फॉर्म आला, शाळेत पेढेही वाटून झाले. घरी शांतीने फॉर्म वाचला आणि ‘सलग’वर बोट ठेवून म्हणाली, "आन् कान्हूभावजींचं वरीस?"

मी चहा मागितला.

दिल्लीच्या परेडला मुलांबरोबर मला न पाठवता दुसऱ्या मास्तरांना पाठवलं आणि मी, चाळिशी ओलांडलेला बाप्या, वर्षभर रुसून बसलो. रविवारी मैदान सोडून शेतावर जायचो. तुम्ही शाळेचे शिपाई, पण फौजेत दहा वर्षं काढलेले. ते अख्खं वर्ष परेड तुम्ही घेतलीत. सोमवारी हजेरीवहीत सही मात्र मी करायचो.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, इतकी छान मुलं कोणी तयार केली? तुम्ही म्हणालात, "मास्तरांचीच पोरं हायत, सायेब." मी पुढे होऊन शाबासकी घेतली. तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभरात तुम्ही नोकरी सोडून पेणला मेव्हण्याच्या कारखान्यात गेलात. कान्हूला मूर्तींची आवड, असं मी लोकांना सांगत राहिलो. खरं कारण मला ठाऊक होतं. लाज वाटायची, म्हणून कधी लिहिलं नाही.

परवा फॉर्मवर लिहून टाकलं, की चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची परेड कान्हूदादांनी घेतली, वहीतल्या माझ्या सह्या खोट्या आहेत. कारकून म्हणाला, इतक्या वर्षांनी कोण बघतंय? म्हटलं, घरी एक जण बघते.

बटालियनच्या साहेबांनी बोलावून खरडपट्टी काढली. रास्तच होती. माझी सेवा आता पंच्याहत्तरच्या जूनपासून धरणार. म्हणजे पदक नव्वद साली, निवृत्तीला वर्ष उरलं असताना. गुडघे कुरकुरतात, पण मिळवेन.

शेवटी साहेबांनी विचारलं, हे कान्हूदादा असतात कुठे? म्हणून हे पत्र. बावीस तारखेला, रविवारी, एन.सी.सी. दिनाची परेड आहे. त्या दिवशी हुकूम तुम्ही द्यायचा, एवढं मी साहेबांकडून मागून घेतलं आहे. माफी समोरच मागेन. पत्रातून मागणं फार सोपं आहे.

आदल्या संध्याकाळी घरीच या, आता पेणहून गाडीही आहे. नाहीच जमलं तर सकाळी थेट मैदानावर या. मुलं सातला उभी राहतील. तुम्ही येईपर्यंत त्यांना विश्राममध्येच ठेवतो.

तुमच्या हुकमाची वाट पाहणारा,
महिपती