चुडाव्यातलं शुद्ध इंग्रजी

२५ जुलै १९३८, सोमवार.
मन्मथअप्पांनी कापसाच्या दुकानावरची माडी इंग्रजीच्या वर्गाला द्यायचं ठरवलं. व्यापाराच्या तारा इंग्रजीत येतात. त्या वाचून घ्यायला दर खेपेला स्टेशनमास्तरच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. शिकवणार कोण, एवढंच ठरायचंय. त्यात ठरवायचं काय? अख्ख्या चुडावा गावात ग्रामर पाठ असलेला मी एकटा. तेही स्वतःच्या डोक्यानं शिकलेला. पाटी रंगवायला घेतली : सांबअप्पा इंग्लिश क्लास.

२७ जुलै.
बन्सीधरनंही माडी मागितली. पूर्णा स्टेशनवर चहा विकला, म्हणून इंग्रजी येतं म्हणे! तोंडात कायम पान. टेन्स शिकवणार की पिंक मारणार?

२९ जुलै, सकाळी.
स्टेशनमास्तर म्हणाले, 'ट्रेन हॅज कम.' जागेवर दुरुस्त केलं. गाडी येऊन उभी आहे, म्हणजे भूतकाळ : 'हॅज केम.' मास्तरांनी खिडकी लावून घेतली. चूक कबूल करायची हीही एक पद्धत.
नीलम्मा म्हणाली, अवो, ज्याला येतंय त्याच्याशीच कामून भांडायलाव? बायकोला ग्रामर सांगणं सोडून दिलंय.

१ ऑगस्ट. श्रावणातला सोमवार.
मठात परीक्षा झाली. परीक्षक मन्मथअप्पा, धोंडप्पा आडते आणि भुजंग मेंढरंवाला. तिघांना मिळून ए ओळखता येत नाही! मग पोथीचाच रिवाज लावला : वाचणारा अडला किंवा मागं फिरला, की पाट सोडायचा. मी सख्त हरकत घेतली. भुजंग म्हणाला, आमाला इंग्रजी कळत न्हाई, पर अडल्यालं कळतंय.
मन्मथअप्पांचा प्रश्न : कापूस काल गेला, आज जायलाय, उद्या जाईल. इंग्रजीत सांगा.
'कॉटन वेंट' म्हणालो आणि शंका आली. काल कधी? गाडीच्या आधी की नंतर? विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही. असे हे व्यापारी! शेवटी मीच सुधारलं : 'कॉटन हॅड वेंट.'
मागं फिरले, उतरा सांबअप्पा! धोंडप्पा ओरडला. हाताला धरून उतरवलं. मला!
बन्सीधरनं एका दमात फेकलं : 'कॉटन गोएड, कॉटन गोइंग, कॉटन गो टुमारो, गुड मॉर्निंग सर.' बाहेर दिवेलागण झाली होती. तरी टाळ्या. लय पळतंय की ह्याचं, भुजंग म्हणाला. इंग्रजी म्हणजे मेंढरू आहे का?

४ ऑगस्ट.
माडी बन्सीधरला. पाटी नीलम्मानं रांजणावर झाकण म्हणून ठेवली. या गावाची लायकी तीच. बन्सीधरशी या जन्मात बोलणार नाही.

८ ऑगस्ट.
वर्ग सुरू झाला. खाली रस्त्यात उभा राहून ऐकला. शब्दागणिक चूक. पण रस्त्यावरून सगळ्या नीट ऐकू येत नाहीत, त्यामुळं उद्यापासून वर जाऊन बसणार. शिकायला नव्हे, नजर ठेवायला. बन्सीधरला तसं बजावलं. या की सांबअप्पा, म्हणाला, पण बसायला गोणपाट घरून आणा, आन् मधी बोलायचं तर आधी हात वर करायचा.
कोणता हात, ते स्पष्ट विचारून घेतलं. डावा.