हत्तिणीच्या पोटातलं पिल्लू

९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

ताईचे आशीर्वाद. पार्सल पोचल्याचं कळवायला इतके दिवस लावले म्हणून रुसली असशील, तर रूस. फोनवर मला खोटं पटकन बोलता येतं, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

इकडे ठीक. न्हाणीघराचा नळ अजून गळतो, प्लंबर अजून 'उद्या नक्की' म्हणतो. कारखान्यात साहेबांना पुढच्या हंगामासाठी आणखी लोककला हवी आहे, 'पण जरा नीटनेटकी'. म्हणजे आईची चित्रं भांग पाडून, पावडर लावून. ते मला छान जमतं, तुला ठाऊकच आहे.

आता तुझ्या कापडाबद्दल. राग मानू नकोस, पण काठ वाकडे आहेत. दोन ठिकाणी बाणा, आडवा धागा, सैल पडलाय. हत्तीण काढायला तू तो दोरीएवढा जाड धागा घातलास, तो अंगावर पित्त उठावं तसा कापडावर उठलाय. मागच्या बाजूला टोकं लोंबतात ती वेगळीच. मी शिकवत असताना तू खिडकीबाहेर बघत बसायचीस, त्याचं हे फळ.

माझी हत्तीण तू पाहिली आहेस. आई भिंतीवर पांढऱ्या मातीने काढायची तीच, पण मी ग्राफ कागदावर चौकोन भरून बसवलेली, मागून-पुढून सारखीच सपाट. आईच्या हत्तिणीच्या पोटात पिल्लू असायचं, ते मात्र मी काढून टाकलं. एवढ्याशा जागेत मावेना, नुसता डाग दिसायचा. पहिला नमुना आईला दाखवला तेव्हा तिने तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "छान आहे. बाळंत झाली वाटतं?"

मी हसले. पुढे त्या हत्तिणी दुकानादुकानांत उशांवर जाऊन बसल्या, माझं कौतुक झालं.

तू पिल्लू ठेवलंस. बटाट्यासारखं दिसतंय, पण ठेवलंस.

बारके, मी तुला सांगत आले की आईला अंधुक दिसतं. ते खरं नाही. कित्येक महिने झाले, तिला काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही. मी लपवलं, कारण कळल्याबरोबर तू धावत आली असतीस, आणि तू आलीस की या घरात मी फक्त औषधं देणारी उरते. जळते मी तुझ्यावर. लहानपणापासून जळते. आईचा हात दिवसभर माझ्या खांद्यावर असतो आणि तोंडात नाव तुझं.

तर, पार्सल उघडलं, कापड तिच्या मांडीवर टाकलं आणि चहा ठेवायला गेले. परत आले तर तिची बोटं कापडावर चालत होती. सोंड, कान, पाठ. मग पोटाशी आली आणि थांबली.

"अगं, आत पिल्लू आहे!"

माझी कापडं तिने कितीदा हातात घेतली असतील. गुळगुळीत, एकसारखी. तिच्या बोटांना तिथे कधीच काही सापडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"तू विणलंस?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होते, पण तसं नाही. विचार करून म्हणाले.

आई रडली गं. माझा हात ओढून घेऊन म्हणाली, "मला वाटायचं, माझं तुझ्यात काही उतरलंच नाही. उतरलं बाई शेवटी." आणि मग हळूच, "धाकटीला दाखवू नकोस हं. तिला असं जमायचं नाही, उगाच खट्टू होईल."

जन्मभर जे ऐकायला कान टवकारून बसले होते, ते ऐकलं, आणि ते तुझं निघालं. हसू आलं तर हस.

आता तिला मोर हवाय, मग झाड. रोज विचारते, "मोर कुठवर आला?" मी मागावर बसते, जाड धागा घालते, आणि माझे हात तो दाबून दाबून सपाट करून ठेवतात. सवयच तशी. मला नाही जमत. तू ये. माग मी लावून ठेवते, मोर तू वीण. आणि हत्तीण कोणाची, ते तिला मी सांगेन. तुझ्यादेखत सांगेन, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही.

फक्त लगेच निघू नकोस. आणखी चार दिवस ती हत्तीण माझी राहू दे.

तुझी जळकुकडी,
ताई